गाडीवरचं जाळं घालवायचंय? मग आधी फडकं बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल आणि गाडी काळी असेल तर दुपारच्या उन्हात एकदा बॉनेट बघाच, कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल चरे दिसतील. खरं तर ते गोल नसतातच, सगळ्या दिशांनी गेलेले असतात, फक्त उजेडाभोवतीचे तेवढे चमकतात. येतात कुठून? मेट्रोच्या कामाची धूळ आणि सोसायटीतलं ते एकच फडकं, ज्याने दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात.

आधी चऱ्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं तर सोडून द्या, तो पॉलिशने जायचा नाही. पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, घासून सपाट करणं, आणि तो असतो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश मारायची हौस बरी नव्हे.

गाडी शॅम्पूने नीट धुवा, मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवा, खरखर लागली तर शॅम्पूचं पाणी मारत मारत क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवायचा (खाली पडला तर तो तुकडा सरळ फेका, वाळू चिकटलेली असते). काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. काम सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे.

आता घाई नको. दीड फुटाचा एकच चौकोन घ्या, मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिशचे (हे सौम्य असतं) वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन ड्युअल ॲक्शनचंच, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलतंही. आधी स्लो स्पीडवर पसरवा, मग मीडियमवर आडवे-उभे तीन-चार हात सावकाश. पुसा, पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून परत पुसा, कारण पॉलिशमधलं तेल चरे लपवतं आणि आपण उगाच खूश होतो. मोबाईलचा टॉर्च मारून बघा. फरक नसेल तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, आणि त्यानंतर परत फिनिशिंग. कडांवर आणि बॉडी लाइनवर जोर नको, तिथे रंग लवकर उडतो. मी दरवाजाच्या कडेला "अजून थोडं" करत बसलो आणि खालचा प्रायमर बाहेर आला, तो पांढरा ठिपका अजून आहे. टूथपेस्टच्या भानगडीत तर पडूच नका.

शेवटी वर संरक्षक थर म्हणून वॅक्स किंवा सीलंट मारा.

आमच्या गाडी पुसणाऱ्या दादांना आता फक्त काचा आणि टायर करायला सांगितलंय, पैसे तेवढेच देतो. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं मी चिडलोय.