उत्खननाच्या कॅम्पला पहिल्यांदा जाताय? आधी माती बघायला शिका

कॅम्पला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी आधी हेच सांगते की वस्तू शोधायला येऊ नका, थर ओळखायला या. वस्तू सापडली आणि ती कुठल्या थरातली हेच माहीत नसेल तर तिची निम्मी माहिती तिथंच गेली. नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या जुन्या वस्तीचंच बघा ना, १९७४ साली झाडाची मुळं खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ मिळाला, सगळं मिळून साठ किलोच्या वर, जगभर नाव झालं, पण रीतसर उत्खननात थरातून निघालेलं नसल्यामुळे ते नक्की कधीचं यावर अभ्यासकांचा वाद झालाच.

मी शिकले ती गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका पांढरीवर. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, राखाडी भुसभुशीत माती, गावातले लोक हीच माती धाब्याच्या घरांवर घालायला नेतात त्यामुळे बऱ्याच पांढरी निम्म्या संपल्यात, फार वाईट वाटतं बघून. आपल्याकडे पाऊस संपून पिकं निघाली की सीझन सुरू होतो आणि कधीकधी मे पर्यंत लांबतो, म्हणून टोपी, फुल शर्ट, पाणी, आणि सकाळी ताडपत्री उचलताना विंचू बघायचा, हे सांगायला नकोच.

ट्रेंच, म्हणजे खणायचा खड्डा, चौकोनी आखतात, आणि दोन ट्रेंचच्या मधे न खणता मातीची भिंत सोडतात, तिला बॉक म्हणायचं. ही पद्धत तेव्हाचे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनी भारतात रुजवली, १९४४ ला तक्षशिलेला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ट्रेनिंग कॅम्पच घेतला होता. या भिंतीची उभी कापलेली बाजू म्हणजे सेक्शन, आणि खरा अभ्यास तिथं आहे. सेक्शन सकाळी लवकर बघा, ऊन तिरपं असतं, मातीत ओल असते, रंग उठून दिसतात. दहा वाजले की राख, काळी माती, जळकी माती सगळं एकाच धुरकट रंगाचं, मग स्प्रेनं पाणी मारत बसा. ट्रॉवेलच्या, म्हणजे छोट्या थापीच्या, कडेनं हलकं खरवडत गेलं की डोळ्याला न दिसलेलं हाताला कळतं, राख मऊ सुटते आणि चोपलेली जमीन आली की ट्रॉवेल कडक लागते.

सगळ्यात जास्त लक्ष खड्ड्यांवर ठेवा. समजा सातवाहन काळात कुणी कचऱ्यासाठी खड्डा खणला आणि तो खाली जोर्वे काळाच्या, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीच्या तांबं-दगड वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या, थरात घुसला, तर त्यातली खापरं नंतरची पण खोली मोजली तर जोर्वेच्या बरोबरीची येणार, म्हणजे हजार वर्षांचा घोळ. त्यामुळे आधी खड्ड्याची कड शोधायची, आतली माती आधी वेगळी काढायची, पिशवी वेगळी, लेबलही वेगळं. लेबलं दोन, एक आत एक बाहेर, त्यावर साईट, ट्रेंच, थर, खोली, तारीख. कोळसा सापडला तर हात लावू नका, कार्बन डेटिंगला, म्हणजे वय काढायला, जातो तो, स्वच्छ ट्रॉवेलनं उचलून फॉइलमध्ये ठेवा.

कामाला गावातलीच माणसं असतात, त्यातल्या जुन्या मामा-मावश्यांच्या शेजारी बसा. आमच्या ट्रेंचमधले एक मामा टिकावाचा आवाज बदलला की हात थांबवायचे, खाली भाजकी जमीन आहे हे आमच्या आधी त्यांना कळायचं.

दुपारी खापरं धुवायची असतात, तिथं नवी मुलं कंटाळतात. प्लीज कंटाळू नका. जोर्वे खापर पातळ, नारिंगी-लाल, वर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, टिचकी मारली की धातूसारखं खणकन वाजतं. शेजारचं हातानं केलेलं जाड खापर बदबद वाजतं. हजारो खापरं हातातून गेली की नजर बसते, फोटो बघून नाही बसत.

ज्यांना पुढं यातच करिअर करायचंय त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची एमएची माहिती काढा, इनामगावच्या जोर्वे काळातल्या वस्तीचं उत्खनन १९६८ ते ८३ तिथल्याच लोकांनी केलं. आणि गावाजवळ पांढर असेल तर स्वतः खणू नका, परवाना लागतो. वर पडलेली खापरं बघा, फोटो काढा, जागेवरच ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.