मोरचुदाचा निळा स्फटिक: ओळखावा, वाढवावा आणि टिकवावा कसा

मोरचुदाचा खडा दिसला की हात आपोआप पुढे जातो. आधी हातमोजे घाला. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे आणि डोळ्यांत गेलं तर गंभीर इजा करतं. जुन्या पुस्तकांत चव घेऊन खनिज ओळखायची पद्धत दिलेली असते, ती इथे अजिबात नको.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. निसर्गात सापडणाऱ्या मोरचुदाला खनिजशास्त्रात चाल्कॅन्थाइट म्हणतात. त्याच्या स्फटिकात कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात आणि निळाई त्या पाण्यामुळेच टिकते. साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाणी घालवलं की पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की तेवढी जागा निळी होते.

ओळख

काठिण्य मोह्सच्या १ ते १० मापात जेमतेम २.५, म्हणजे तांब्याच्या नाण्यानेही ओरखडा उठतो. तांब्याच्या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांवर हवा-पाण्याचा परिणाम झाला की हे तयार होतं, पण पावसाच्या प्रदेशात लगेच वाहून जातं. म्हणून ते कोरड्या भागात साठतं. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या चुकिकामाता खाणीत तर ते धातुक म्हणून, म्हणजे तांबं मिळवण्यासाठी, काढण्याइतकं होतं. जुन्या खाणींच्या भिंतींवरही त्याचे पापुद्रे धरतात.

नैसर्गिक नमुना बहुधा पापुद्र्यांचा, तंतूंचा किंवा लोंबत्या कांड्यांचा असतो. मोठे, धारदार कडांचे, चकचकीत स्फटिक दगडावर ऐटीत बसलेले दिसले, तर ते कुणीतरी द्रावणातून वाढवले असण्याची शक्यता जास्त. त्यात कमीपणा काही नाही, फक्त किंमत नैसर्गिक नमुन्याची देऊ नका.

जपणूक

बहुतेकांची चूक इथेच होते. पाण्यात विरघळतं म्हणून लोक डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकतात. पण हवा फार कोरडी झाली की स्फटिक स्वतःचं पाणी सोडतो, पृष्ठभाग फिका पडतो आणि पुढे भुकटी होते. सिलिका जेल नको, ऊन नको, तापणाऱ्या दिव्याखालचं कपाटही नको. घट्ट झाकणाची लहान काचेची किंवा प्लॅस्टिकची डबी पुरते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. लाखेचा थर देण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण एकदा दिलेला थर नीट निघत नाही.

स्फटिक वाढवणं

२० अंशाला १०० मिली पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम मोरचूद विरघळतं, ६० अंशाला सुमारे ६२ ग्रॅम. सगळी गंमत या फरकात आहे. काचेच्या भांड्यात १०० मिली गरम डिस्टिल्ड वॉटर घेऊन ५० ग्रॅम मोरचूद पूर्ण विरघळवा, गाळा आणि हलवाहलव न करता थंड होऊ द्या. तळाशी बसलेल्या स्फटिकांतला सर्वांत नितळ, नीट आकाराचा एक निवडा आणि बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा. वरचं थंड, संपृक्त (आणखी मोरचूद मावणार नाही असं) द्रावण दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात तो अधांतरी सोडा. कोमट द्रावणात सोडलात तर हा बीज-स्फटिकच विरघळेल. वर कागद झाका, म्हणजे पाणी सावकाश उडेल. घाई केली की एका स्फटिकाऐवजी गुच्छ होतो.

फवारणीसाठी

एक टक्का बोर्डो मिश्रणाला (पिकांवर फवारायच्या बुरशीनाशकाला) १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. नंतर स्वच्छ लोखंडी सळई थोडा वेळ बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलंय, चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

स्फटिकाचं उरलेलं द्रावण मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, थोडं तांबंही माशांना मारक ठरतं. ते पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी सुकवा. खाली उरलेले खडे नाव लिहिलेल्या बरणीत भरून पुढच्या वेळी वापरा.