आषाढात हात मोकळे झाल्यावर: कलाकुसरीच्या छोट्या व्यवसायाने मंदीचे महिने कसे वापरावेत

लग्नाची शेवटची तारीख उलटून जाते, मृगाचा पाऊस पडतो, घराघरांतला पैसा बियाणे आणि खताच्या दुकानांकडे वळतो आणि आपल्या दुकानातला फोन शांत होतो. मराठवाड्यात आरीकाम (आकडीच्या सुईने केलेले भरतकाम), शिवणकाम, मेंदी, रुखवत, छायाचित्रण, मूर्तिकाम किंवा सजावटीचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला ही शांतता ओळखीची आहे. परभणीत आरीकामाचे छोटे दुकान चालवताना पहिली काही वर्षे मी हे महिने काळजी करण्यात आणि मिळेल ते काम मिळेल त्या दरात घेण्यात घालवले. पुढे लक्षात आले की लग्नसराईत जी कामे करायला आपल्याला मुळीच सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी हाच काळ आहे. मात्र ती कामे ठरावीक क्रमाने केली तरच उपयोगी पडतात, म्हणून तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

पहिली पायरी: मंदीचे महिने आधी लिहून काढा

भिंतीवरची एक मोठी दिनदर्शिका घ्यावी आणि तिच्यावर पंचांग आणि शेती या दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या रंगांत नोंदवाव्यात. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात बहुतेक घरांत लग्ने होत नाहीत, पितृपक्षात नवी खरेदी टाळली जाते आणि पौषात मुहूर्त काढले जात नाहीत. शेतीकडे पाहिले तर जूनच्या पेरणीपासून ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची रास होईपर्यंत गावाकडच्या गिऱ्हाइकाचा हात आखडलेला असतो. त्यानंतर कापूस आणि जानेवारी-फेब्रुवारीत तूर घरात येते, तसा तो सैल होत जातो. आपल्या व्यवसायाची खरी मंदी या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे, म्हणजे आषाढ-श्रावणात, सर्वाधिक जाणवते.

अधिक महिन्याची नोंद न विसरता करावी. 2026 चेच उदाहरण घेतले तर अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा येतो, म्हणजे लग्नाच्या ऐन हंगामातला एक महिना कमी होतो. परंतु आपल्याकडे हाच धोंड्याचा महिना असल्यामुळे लेक-जावयाला जेवायला बोलावून कपडे आणि वाण दिले जाते. वधूचे ब्लाउज करणाऱ्याला जो महिना रिकामा जातो, तोच भेटवस्तूंची सजावट करणाऱ्याला भरपूर काम देतो.

यानंतर मागच्या दोन-तीन वर्षांच्या ऑर्डरच्या वह्या काढून प्रत्येक महिन्यात किती कामे आली ते मोजावे. आषाढात काम नसणे हे हंगामाचे लक्षण आहे. पण मार्गशीर्षात किंवा वैशाखातही वही कोरी असेल, तर दोष हंगामाला देता येणार नाही आणि दर, कामाचा दर्जा, वेळेवर काम देणे यांपैकी कोठे कमी पडत आहोत ते शोधावे लागेल.

दुसरी पायरी: मागच्या हंगामातील प्रत्येक कामाचा तासांवर हिशेब काढा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. कलाकुसर करणारी माणसे मालाचा हिशेब नीट ठेवतात. आपल्या वेळेचा मात्र ठेवत नाहीत. त्यामुळे हंगामभर रात्री जागूनही हाती काय राहिले, हे त्यांना सांगता येत नाही.

मागच्या हंगामातील निरनिराळ्या प्रकारची निदान दहा कामे निवडावीत. प्रत्येकासमोर घेतलेली रक्कम, लागलेला माल, भाडे-विजेचा वाटा आणि लागलेले तास लिहावेत. तासांमध्ये केवळ सुई चालवण्याचा वेळ धरू नये. गिऱ्हाइकाशी झालेली बोलणी, मोबाइलवर आलेल्या चित्रांतून नक्षी ठरवणे, खाका (नक्षीचा कागद) टोचणे, न आवडलेला भाग उसवून पुन्हा भरणे आणि मणी-जरदोसी आणण्यासाठी बाजारात घातलेला वेळ हे सगळे त्यात आले पाहिजे.

समजण्यासाठी एक उदाहरण पाहू. वधूच्या भरगच्च आरीकामाचे 3,000 रुपये घेतले, त्यातून 650 रुपयांचा माल आणि भाडे-विजेचे 150 रुपये वजा केले, तर 2,200 रुपये उरतात. या कामाला सगळे मिळून 40 तास लागले असतील तर तासाला 55 रुपये पडले. दुसरीकडे बाह्यांच्या साध्या काठाचे 900 रुपये घेतले, 140 रुपयांचा माल आणि 40 रुपये इतर खर्च गेला, उरलेले 720 रुपये 8 तासांत मिळाले, म्हणजे तासाला 90 रुपये. ज्या कामाचे फोटो आपण अभिमानाने दाखवतो तेच आपल्याला कमी देते, हे असे कागदावर आल्याशिवाय पटत नाही. निदान मला तरी पटले नव्हते.

याचा अर्थ भरगच्च काम सोडून द्यावे असा नाही, कारण त्याच कामामुळे आपले नाव होते. परंतु त्याचा दर तासांप्रमाणे पुन्हा ठरवावा, नक्षी एकदा पक्की झाल्यावर बदल सांगितल्यास वेगळी रक्कम लागेल हे ऑर्डर घेतानाच सांगावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घेण्याचा नियम करावा. नवे दर मंदीत लागू करण्यापेक्षा ते एका स्वच्छ कागदावर लिहून ठेवावेत आणि तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या पहिल्या बस्त्यापासून वापरावेत. मंदीत सरसकट सूट देण्याचा मोह टाळावा, कारण एकदा श्रावणात निम्म्या दरात केलेले काम गिऱ्हाईक वैशाखातही त्याच दरात मागते.

तिसरी पायरी: घरखर्च आणि उधारी यांची व्यवस्था लावा

मंदीच्या महिन्यांत दुकान आणि घर चालवायला दरमहा किमान किती लागते, ते लिहावे आणि त्याला रिकाम्या महिन्यांच्या संख्येने गुणावे. ही रक्कम पुढच्या लग्नसराईत प्रत्येक कामातून थोडी थोडी बाजूला काढून वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. आपल्या भागात पावसाचा भरवसा नाही. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने काढणीला आलेली पिके पाण्यात गेली. अशा वर्षी मंदी दिवाळीनंतरही हटत नाही, म्हणून शक्य असेल तर हिशेबापेक्षा दोन महिने अधिकची तरतूद असावी.

उधारीची यादी मात्र आताच करावी. नाव, रक्कम आणि तारीख लिहून नोकरदार गिऱ्हाइकांना लगेच नम्र आठवण द्यावी. शेतकरी घरांना पेरणीच्या दिवसांत पैसे मागितल्यास पैसे तर मिळत नाहीतच, वर संबंधही दुखावतात. त्यांच्याकडून रास झाल्यावर द्यायचा शब्द घ्यावा आणि ती तारीख आपल्या वहीत टिपून ठेवावी.

चौथी पायरी: स्वतःच्या नक्षीचे नमुने तयार करा

हंगामात आपण बहुतेक वेळ गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेल्या चित्राची नक्कल करतो. तीच नक्कल शेजारचे दुकानही करते, त्यामुळे गिऱ्हाईक केवळ दरावरून दुकान निवडते. यातून बाहेर पडायचे तर आपली अशी नक्षी हवी, आणि तिच्यासाठी मराठवाड्याइतके समृद्ध भांडार जवळ असताना दूर पाहण्याची गरज नाही.

एक दिवस काढून धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहावे. सातवाहनकालीन मातीच्या मूर्तींवरील केशरचना, दागिने आणि कमरपट्टे यांची रेखाटने केली, तर त्यांतून गळ्याच्या आणि बाह्यांच्या कितीतरी आकृत्या निघतात. औंढा नागनाथच्या मंदिरावरील किंवा नांदेड जिल्ह्यातील होट्टलच्या मंदिरांवरील वेलबुट्टी, पैठणीच्या पदरावरील मोर, हिमरू कापडाच्या विणकामातील फुले, बीबी का मकबऱ्यातील जाळी हे सगळे आपलेच आहे. वेरूळला जायचे असेल तर मंगळवार आणि अजिंठ्याला जायचे असेल तर सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. फोटो काढून आणण्यापेक्षा तेथेच बसून पेन्सिलीने रेखाटावे. हाताने काढलेली रेषा लक्षात राहते आणि ती सुईने भरता येईल की नाही, हेही तेथेच कळते.

घरी आल्यावर सहा ते आठ नमुने 20 सेंटिमीटरच्या चौकोनी कापडावर भरावेत. प्रत्येक नमुन्याच्या मागे माल, तास आणि नवा दर लिहावा. पुढच्या हंगामात गिऱ्हाइकासमोर हे नमुने ठेवले की बोलणी लवकर संपतात.

पाचवी पायरी: फोटो आणि कॅटलॉग

पावसाळ्यातील ढगाळ दिवस जरी आणि मण्यांचे फोटो काढण्यासाठी उत्तम असतो, कारण कडक उन्हात जरीचे धागे चमकून नक्षी दिसेनाशी होते. खिडकीजवळ एकरंगी कापडावर वस्तू ठेवावी, मोबाइलची काच पुसावी, घरातील दिवे बंद करावेत आणि प्रत्येक वस्तूचे तीन फोटो घ्यावेत: पूर्ण, जवळून आणि अंगावर घातलेला. गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत असेल तर आधी तिची परवानगी घ्यावी. हे फोटो व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये विनामूल्य लावता येतात. प्रत्येकाखाली किंमत आणि लागणारे दिवस लिहिल्यास रोज तीच ती उत्तरे द्यावी लागत नाहीत.

सहावी पायरी: जुन्या गिऱ्हाइकांसाठी छोटी कामे

मागच्या वर्षी काम दिलेल्या घरांना, संबंध टिकवण्यासाठी म्हणून, फोन करावा आणि केलेले काम टिकले का, मणी सुटले का हे विचारावे. किरकोळ दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी. जुन्या साडीच्या काठाचे ब्लाउज, पडदे, उशांची खोळ ही कामे याच वेळी सुचवता येतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यासाठी तोरणे, आसने आणि शेले लागतात, आणि ते आषाढात भरायला घेतले तरच वेळेवर होतात. पंधरा नग करून पाहावेत. एकदम शंभर नगांचा माल भरून पैसा अडकवू नये.

सातवी पायरी: कागदपत्रे आणि प्रशिक्षण

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) केलेली नसेल तर ती करावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यामुळे त्यासाठी कोणी शुल्क मागितल्यास देऊ नये. शिंपी, कुंभार, मूर्तिकार, बाहुल्या-खेळणी करणारे अशा 18 पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू आहे. तिच्यात प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची तरतूद आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे वर्गही विनामूल्य असतात. या वर्षात एकच कौशल्य निवडावे. चार वर्गांत नाव घालून कोणतेही पूर्ण न करण्याचा अनुभव पुष्कळांना आहे.

आठवी पायरी: विश्रांती आणि हंगामाची तयारी

लग्नसराईत मान, पाठ आणि डोळे यांच्यावर पडलेला ताण दुर्लक्षित राहतो. डोळे तपासून घ्यावेत, बैठकीची उंची बदलून पाहावी आणि निदान आठ दिवस सुईला हात लावू नये. हे आठ दिवस दिनदर्शिकेवर आधीच खुणेने राखून ठेवावेत, नाही तर ते मिळत नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास तयारीला लागावे. आरीची चौकट घट्ट करून घ्यावी, सुयांची टोके पाहावीत, जास्त खपणाऱ्या रंगांचा धागा आणि मणी दिवाळीची गर्दी होण्याआधी भरावेत. मदतीला येणाऱ्या बायकांशी दिवस आणि मजुरी बोलून घ्यावी. मग एका आठवड्यात आपल्याकडून किती ब्लाउज नीट होतात तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि त्या आठवड्याचा आकडा भरला की पुढच्या गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी.