आठ गाणी, एक तबकडी, एक व्हॅन : हार्डकोर बँडचा पहिला दौरा

हार्डकोर म्हणजे पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक अवतार. असा बँड काढलात तर आधी रेकॉर्ड हातात, मग दौरा. हा क्रम उलटा करू नका. दारावर मिळणारी बिदागी पेट्रोलात जाते. पुढच्या रेकॉर्डचे पैसे कार्यक्रमात टेबल मांडून केलेल्या रेकॉर्ड-टी-शर्टच्या विक्रीतून येतात. तबकड्या छापणारा कारखाना आठ आठवडे म्हणाला तर चौदा धरा आणि खोकी घरात आल्यावरच तारखा पक्क्या करा.

वॉशिंग्टन डीसीत १९८० मध्ये टीन आयडल्स हा बँड फुटला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सहाशेएक डॉलर पोरांनी वाटून घेतले नाहीत. ७ इंची तबकडीच्या १,००० प्रती काढल्या, कव्हरं हातानं कापून, दुमडून, चिकटवून. डिस्कॉर्ड हे लेबल त्यातून उभं राहिलं. त्यांच्यातल्याच दोघांच्या मायनर थ्रेट या नव्या बँडनं पुढच्या वर्षी पहिल्या ७ इंचीत आठ गाणी बसवली. तेच माप धरून चला.

आठ गाणी एका दिवसात रेकॉर्ड होतात, पण गायकाशिवाय ती सलग दोनदा न चुकता वाजत असतील तरच. ड्रम्स, बेस, गिटार एकाच खोलीत, एकदम वाजवा. क्लिक, म्हणजे कानात टिकटिकणारा यंत्राचा ठेका, नको. त्याला बांधलं की पुढे झुकणारा तो वेग मरतो. तारा आदल्या दिवशी बदला, नाहीतर त्या ताणत राहतात आणि दर टेकनंतर सूर उतरतो. किक ड्रममध्ये ब्लँकेट कोंबा. २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० ठोक्यांच्या) वर एक ठोका विरायच्या आत दुसरा पडतो आणि खाली नुसता गडगडाट उरतो.

सगळ्यात नेहमीची चूक गेनची, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या अँपवरच्या बटणाची. स्टेजवर ठेवता त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा. डिस्टॉर्शन (तो फाटकेपणा) वाढलं की पिकचा ठोका दबतो आणि रिफच्या, म्हणजे गिटारच्या ठसक्याच्या ओळीच्या, जागी माशी घोंगावते. जाडी हवी तर तोच भाग पुन्हा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. गळा फाडायला लावणारी गाणी शेवटी घ्या. सगळ्यांनी मिळून ओरडायचं तिथं चार-पाच जण एका माइकभोवती, हातभर अंतरावर. ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. मिक्स दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी.

४५ आरपीएमला (मिनिटाला ४५ फेऱ्या) ७ इंचीच्या एका बाजूवर साडेचार-पाच मिनिटंच भरा. त्यापुढे खाचा दाटीनं कापाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. बेस मधोमध ठेवा. दोन्हीकडे पसरला तर सुई उडू शकते. टोचणारे ‘स’, ‘श’ मिक्समध्येच कमी करा, कारण बाजूच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे आतल्या खाचांवर, ते आणखी फाटतात. टेस्ट प्रेसिंगच्या, म्हणजे कारखान्यानं आधी पाठवलेल्या नमुन्याच्या, दोन प्रती ऐका. ‘खट्’ दोन्हींत त्याच शब्दावर आला तर दोष बहुधा साच्यात आहे, कारखान्याला कळवा. एकीतच आला तर धूळ असेल, नाहीतर त्या प्रतीपुरता दोष. पहिल्या खेपेला ३०० पुरे. हजार काढल्या तर उरलेल्या ७०० पलंगाखाली राहतात.

पहिला दौरा शुक्रवार ते रविवार. डीसीचा बँड असेल तर रिचमंड, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया. यातलं कुठलंच शहर घरापासून दीडशे मैलांपलीकडे नाही. तीन महिने आधी तिथल्या बँडला लिहा: ‘आमच्या शहरात तुमचा कार्यक्रम आम्ही लावतो.’ लिहिलंत तर लावाच, ही बिरादरी छोटी आहे.

जागा सर्व वयांना खुली हवी. ऐकणारं पोर सोळा वर्षांचं असतं, बार त्याला आत घेत नाही. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहे गार्डन्समध्ये टीन आयडल्सच्या हातांवर काळ्या फुल्या मारल्या होत्या: आत घ्या, पण यांना दारू नाही. डीसीत परतून त्यांनी तिथल्या क्लबला हीच युक्ती सुचवली. आजही मालक कुरकुरला तर जाड मार्कर पुढे करा.

पोस्टरला मैद्याची खळ. अर्धा कप मैदा थंड पाण्यात कालवा, अडीच कप उकळत्या पाण्यात धारेनं ओता, अर्धपारदर्शक होईपर्यंत हलवा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्या होणारच. दोन दिवसांत आंबते, तेवढीच करा. लावताना एक हात कागदाखाली, एक वरून. आणि परवानगी असलेल्या भिंतीवरच.

व्हॅन १५ सीटर असेल तर मागची सीट काढा. जड स्पीकर कॅबिनेट तळाला, पुढच्या सीटला टेकवून, पट्ट्यानं आवळून. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेलं की वळणावर गाडी उलटायचा धोका वाढतो. नाटकाच्या टेम्पोत नेपथ्य भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, ड्रमरला लागतं. टायरची हवा रोज सकाळी, टायर थंड असताना बघा. गॅलनला १५ मैल धरले तर २५० मैलांना जवळपास १७ गॅलन. तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात. ड्रमसेट उसना चालतो, पण स्नेअर, सिंबल आणि पेडल स्वतःचंच.

सेट वीस मिनिटांचा. संपल्यावर घाम पुसायच्या आत एकजण टेबलावर. टेबल दाराजवळ, वर दिवा, सुट्ट्यासाठी डब्यात एक-एक डॉलरच्या चाळीस नोटा. पन्नास टी-शर्ट असतील तर एस ८, एम १४, एल १६, एक्सएल १२. रात्री आवरताना उरलेला माल मोजून वहीत लिहा. सकाळी मोजलात तर हिशेब कधीच लागत नाही.