‘प्रकल्प झालाच नसता तर?’ : खर्च-लाभ विश्लेषणाच्या कामात येणाऱ्यांसाठी

शेती, पाणी, जंगल यांवरच्या प्रकल्पांचं खर्च-लाभ विश्लेषण करायला येणारी बहुतेक मुलं-मुली एक्सेलमध्ये माझ्यापेक्षा तरबेज असतात. एनपीव्ही (आजच्या मोलात लाभातून खर्च वजा), आयआरआर (प्रकल्पाचा परतावा दर), बीसी रेशो (लाभ भागिले खर्च) ही सूत्रं तोंडपाठ असतात, तक्ता भराभर उभा राहतो. अडतं ते त्याच्या आधी. तक्त्यात कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही, हे कुठलंच सूत्र सांगत नाही. माझा या कामातला बराचसा वेळ त्यातच गेला, म्हणून मुख्यतः त्याबद्दल लिहितो.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे: प्रकल्प झालाच नसता तर काय झालं असतं? समजा, एका सिंचन योजनेच्या क्षेत्रात आज हेक्टरी २० क्विंटल धान्य पिकतं आणि योजनेमुळे दहा वर्षांनी ३० पिकेल असा अंदाज आहे. नवखा माणूस १० क्विंटलचा लाभ लिहून मोकळा होतो. पण सुधारित बियाणं, खतं आणि शेतकऱ्यांनी स्वतः खोदलेल्या विहिरी यांच्या जोरावर उत्पादन योजनेविनाही २५ वर जाणार असेल, तर योजनेच्या नावावर ५ क्विंटलच जमा होतात. याच्या उलटही घडतं आणि ते पटकन लक्षात येत नाही. मृदसंधारणाच्या कामानंतर उत्पादन २० चं २० च राहिलं, की पैसा वाया गेला असं वाटतं. बांधबंदिस्ती झाली नसती आणि माती वाहून जाऊन तेच उत्पादन १४ वर आलं असतं, तर लाभ ६ क्विंटलचा आहे. जमीन, पाणी, जंगल नुसतं राखून ठेवणाऱ्या कामांचा फायदा अहवालांत कमी दिसतो, त्याचं एक मोठं कारण ही ‘आधी आणि नंतर’ची तुलना आहे असं माझं मत आहे.

हे ‘नसता तर’ शोधायला अवघड गणित लागत नाही, पायपीट लागते. योजनेबाहेरच्या, पण तशाच माती-पावसाच्या क्षेत्राची गेल्या काही वर्षांची आकडेवारी घ्या. कृषितज्ज्ञाशी बोला. शेतकऱ्यांना थेट विचारा, ‘योजना आली नाही तर काय करणार होतात?’ पुष्कळदा लोकांनी आपली सोय आधीच सुरू केलेली असते आणि ते कुठल्याच कागदावर नसतं.

मग येते एकच लाभ दोनदा मोजण्याची सवय. पाणी आलं की पीक वाढतं, जमिनीची किंमतही वाढते. हे दोन्ही आकडे लाभाच्या रकान्यात मांडलेले अहवाल मला अजूनही दिसतात. जमीन महाग होते तीच मुळी उद्याच्या वाढीव उत्पन्नाच्या आशेने, त्यामुळे दोनपैकी एकच आकडा घ्यायचा. खर्चाच्या बाजूलाही तेच. बांधकामाचा पूर्ण खर्च ज्या-त्या वर्षी लिहिला असेल तर पुन्हा दरसाल घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, लावायचा नाही. समाजाच्या बाजूने हिशोब करताना कर्जावरचं व्याजही धरायचं नाही, कारण पैशाच्या वेळेची किंमत डिस्काउंट रेटने (उद्याच्या पैशाचं आजचं मोल काढायच्या वार्षिक दराने) आधीच वसूल केलेली असते.

हिशोब मात्र दोन करावे लागतात, एक शेतकऱ्याचा आणि एक समाजाचा. अनुदानित खत शेतकऱ्याला स्वस्त पडतं, समाजाला त्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. कर हा शेतकऱ्याचा खर्च आहे, पण समाजाच्या दृष्टीने तो पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच. घरच्या माणसांचे श्रम फुकट धरू नका आणि डोळे मिटून पूर्ण मजुरीनेही धरू नका. काम नसलेल्या महिन्यांत त्या श्रमाला दुसरीकडे फारसा भाव नसतो, ऐन कापणीत तो भरपूर असतो. मी शेतकऱ्याचा हिशोब नेहमी आधी करतो. समाजाला कितीही फायदा दिसत असला, तरी शेतकऱ्याला तोटा होणार असेल तर तो नवं पीक घेणारच नाही.

वेळापत्रकाच्या बाबतीत शंकेखोर राहा. पहिल्याच वर्षी सगळे शेतकरी नवी पद्धत उचलतील असं धरलेला तक्ता आला, की मी बाकीचा अहवाल जास्त बारकाईने वाचतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महागाई वजा करूनही प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त निघाला होता. खर्च दुप्पट आणि लाभ उशिरा, असं एकदा घालून बघा. बरेच देखणे प्रकल्प तिथेच आटोपतात.

आता डिस्काउंट रेट. इथे तुमचं एक्सेल एका खणात सगळा निकाल फिरवू शकतं. आजपासून ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचं आजचं मोल ७ टक्के दराने सुमारे ३ रुपये ४० पैसे होतं, ३ टक्क्यांनी जवळजवळ २३ रुपये आणि १.४ टक्क्यांनी ५० रुपये. पाच वर्षांत फळ देणाऱ्या ठिबक संचाला या फरकाने फारसं काही होत नाही. जंगल, भूजल किंवा हवामान यांच्या बाबतीत मात्र दर ठरला की निकालही बहुधा ठरलेला असतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या अहवालात सुमारे १.४ टक्के दर होता आणि निष्कर्ष होता की हवामानबदलावर ताबडतोब मोठा खर्च करा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहॉस यांनी बाजारातल्या परताव्याशी जुळणारा, बराच चढा दर धरला आणि उपाय हळूहळू कडक करत नेण्याचा सल्ला दिला. दोघांच्या वादाचं मोठं मूळ या एका आकड्यात होतं. नॉर्डहॉस यांना २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी वाद काही मिटला नाही. मिटणारही नाही, कारण तो निव्वळ गणिताचा नाही. नंतर मिळणारं सुख केवळ नंतर मिळतं म्हणून कमी लेखणं नैतिकदृष्ट्या टिकत नाही, असं ब्रिटिश गणिती फ्रँक रॅम्सीने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं.

व्यवहारात दर तुम्ही ठरवत नाही, तो वरून येतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत तो ३.५ टक्के आहे आणि ३० वर्षांनंतर तो उतरत जातो. अमेरिकेत २००३ च्या सूचनांनुसार ३ आणि ७ अशा दोन्ही दरांनी हिशोब मांडायचा असे. वरून एकच दर आला तरी तुम्ही किमान दोन दरांनी निकाल द्या, आणि कोणत्या दराला प्रकल्प तोट्यात जातो तेही लिहा. हे शेवटचं वाक्य वाचणाऱ्याला पूर्ण तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातं.

पर्यावरणाचं मोल पैशांत कसं करायचं, हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत हमखास येतो. बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी दोन वाटा आहेत. एक, लोक काय करतात ते पाहणं. अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्राने सुचवलं, की उद्यानाला येणाऱ्यांचा प्रवासखर्च पाहा, म्हणजे त्या जागेला ते किती मोल देतात ते कळेल. दुसरी वाट म्हणजे लोकांना सरळ विचारणं. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डीझ हे जहाज खडकावर आपटलं आणि प्रचंड तेलगळती झाली. ज्यांतल्या बहुतेकांनी तो किनारा कधी पाहिलाही नव्हता अशा अमेरिकन कुटुंबांना पाहणीत विचारलं, की पुन्हा असं घडू नये म्हणून तुम्ही अमुक इतके पैसे द्याल का? देशभराचा हिशोब सुमारे २८० कोटी डॉलरवर गेला. नुसत्या प्रश्नोत्तरांतून आलेल्या या आकड्यावर गदारोळ झाला. केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये निवाडा दिला, की पद्धत वापरता येईल, पण नियम कडक हवेत: प्रत्यक्ष भेटून मुलाखत घ्या, ‘किती द्याल’ असं मोकळं विचारण्याऐवजी ‘इतके द्याल का, हो की नाही’ असं मतदानासारखं विचारा, आणि नुकसान सोसायला किती घ्याल यापेक्षा ते टाळायला किती द्याल हे विचारा.

शेवटच्या नियमाबाबत मी पूर्ण सहमत नाही. ज्यांच्या हातात पैसाच कमी, त्यांची ‘द्यायची तयारी’ कमीच भरणार. ज्याचं गवत, सरपण, मासे जाणार आहेत त्याच्याकडून, ते वाचवायला तू किती देशील, असं विचारणं मला उफराटं वाटतं. अशा ठिकाणी मी बदली खर्च पाहतो, म्हणजे तोच चारा, तेच पाणी दुसरीकडून आणायला त्या घरांना काय पडेल.

प्रत्येक गोष्टीचं मोल काढत बसायची गरजही नसते. पेट्रोलमधलं शिसं कमी करण्याबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८५ मध्ये विश्लेषण केलं. मोजता आलेले आरोग्याचे आणि वाहनदुरुस्तीचे लाभच खर्चाच्या कितीतरी पट निघाले. गॅलनमागे १.१ ग्रॅमची मर्यादा १९८६ च्या सुरुवातीपासून ०.१ वर आणली गेली. उरलेले लाभ पैशांत बसवले नसते तरी निर्णय तोच राहिला असता. पैशांत न बसणाऱ्या गोष्टी मात्र अहवालात शब्दांत, ठळक जागी लिहा. परिशिष्टात टाकल्या तर त्या कोणी वाचत नाही.

आणखी एक रकाना मी स्वतःहून जोडतो: कुणाला मिळतं, कुणाचं जातं. १९३६ च्या अमेरिकन पूरनियंत्रण कायद्यात लाभ खर्चापेक्षा जास्त असावेत, मग ते कुणाच्याही पदरात पडोत, अशी अट होती. कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थतज्ज्ञांनी १९३९ मध्ये याला सैद्धांतिक आधार दिला: ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊ शकत असतील तर प्रकल्प चांगला. ‘देऊ शकत असतील’, प्रत्यक्षात दिली पाहिजे असं नाही. त्यामुळे धरणाच्या वर ज्यांची जमीन बुडते ते आणि खाली ज्यांचं शेत भिजतं ते एकाच बेरजेत विरघळतात. गटवार तक्ता दिला की ते वेगळे दिसतात. या तक्त्यावरून बैठकीत वाद होतो, होऊ द्या.

दबाव येतोच. ‘रेशो थोडा वर नेता येईल का?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या सुरांत ऐकलं आहे. आवाज चढवून उपयोग नाही. कोणतं गृहीतक बदलायचं ते लेखी मागा आणि त्या बदलाचा निकाल मूळ निकालाशेजारी छापा. बहुतेक वेळा लेखी काही येत नाही.

सुरुवात करायची असेल तर जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाचे, पूर्ण झालेल्या सिंचन किंवा वनप्रकल्पांवरचे अहवाल खुले आहेत, त्यातला एक घ्या. मंजुरीच्या वेळचा परतावा दर आणि काम संपल्यावरचा दर शेजारी मांडा. फरक पावसामुळे पडला, भावामुळे, उशिरामुळे, की ‘नसता तर’ चुकीचं धरल्यामुळे, ते शोधायला एक आठवडा द्या.