कोटेशनमधली प्रत्येक ओळ वाचा, मगच गेमिंग पीसी घ्या

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो, बारावी झाल्यावर त्याला गेमिंग पीसी घ्यायचा होता, एकटाच बाजारात जाऊन कोटेशन घेऊन आला आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. त्यात लिहिलेलं: आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आरजीबी (रंगीत दिव्यांचं) कॅबिनेट. खाली टोटल. एकाही ओळीत मॉडेल नंबर नाही. मी लगेच फोन केला, म्हटलं एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नकोस. कारण अशा कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीत चांगला पार्टही बसतो आणि रद्दीतलाही बसतो, आणि नंतर भांडायला तुमच्याकडे कागदावर काहीच नसतं.

सुरुवात मॉनिटरपासून करा. मधल्या बजेटला १०८०पी (फुल एचडी), आयपीएस पॅनल (रंग चांगले दाखवणारा), १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या वर, एवढं खूप झालं. १४४०पी (त्याहून बारीक चित्र) घेतलात की कार्डही वरचं लागतं आणि बजेट तिथेच फाटतं. मॉनिटर ठरला की ग्राफिक्स कार्ड, आणि मॉनिटर सोडून बाकी पीसीचा जवळजवळ निम्मा पैसा इथेच जाऊ द्या, गेमिंगमध्ये फरक पडतो तो कार्डाने, प्रोसेसरवर उगाच दहा हजार जास्त घालून कार्ड खालचं घेणारे खूप बघितलेत आणि नंतर सगळे हळहळतात.

कार्डाच्या नावात फसगत कशी होते बघा. आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीमध्येही येतं आणि १६ जीबीमध्येही. आरटीएक्स ५०६० टीआयचंही तेच. आरटीएक्स ३०५० तर आणखी वाईट, ६ जीबी आणि ८ जीबी असे दोन प्रकार आहेत पण फरक नुसता मेमरीचा नाही, ६ जीबीवाल्यात कोअरसुद्धा कमी आहेत, म्हणजे नाव एक आणि माल वेगळा. जमत असेल तर १६ जीबीवालं घ्या, नवीन गेममध्ये टेक्श्चर (चित्राचा बारकावा) वाढवलं की ८ जीबी पटकन भरते. अगदीच जमत नसेल तर आरटीएक्स ५०६० ८ जीबी १०८०पीला चालून जाईल.

प्रोसेसरला रायझन ५ ७६०० मला सगळ्यात सरळ वाटतो. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कूलर बॉक्समध्येच येतो, आणि एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) असल्याने तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. यात फक्त डीडीआर५ रॅम बसते, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जोरात चढले, तेव्हा जुने व्हिडिओ बघून बजेट आखू नका, त्या दिवसाचा भाव विचारा. एकदम टाइट असेल तर जुन्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६०० आहे, पण दुकानदार ५५०० द्यायला लागला तर नाही म्हणा. दोन्हीत ६ कोअर आहेत म्हणून सारखेच, असं तो सांगेल, पण ५५०० मध्ये कॅशे (प्रोसेसरच्या आतली मेमरी) निम्मी आहे, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि गेममध्ये ते जाणवतं. इंटेलमध्ये १२४००एफ चांगला आहे, फक्त एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी.

रॅम एका काडीत १६ नको, ८-८ च्या दोन काड्या. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकार) आहे का हे लिहून घ्या, १ टीबी बघा, ५१२ मध्ये तीन-चार मोठे गेम टाकले की जागा संपते. ७६०० घेतलात तर मदरबोर्ड बी६५०, साधा, चार रॅम स्लॉटवाला, आरजीबीसाठी जास्त पैसे नकोत.

आता एसएमपीएस, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. त्या कोटेशनमधला ४५० वॅट बघायला मी भावासोबत गेलो, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. बाजूचं लेबल वाचलं: +१२ व्होल्टवर १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही वीज घेतात ती १२ व्होल्टवरूनच, आणि ५०६० एकटं १४५ वॅट खातं, वर प्रोसेसर, पंखे, म्हणजे गेम सुरू झाला की मशीन खटकन बंद, आणि असा एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या ब्रँडचा ५५० किंवा ६५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), आणि हे १२ व्होल्टचं गणित दुकानातच उभं राहून करा. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचा आकडा एकूण वॅटच्या जवळपास निघतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच भट्टी असते, त्यात समोर बंद काच म्हणजे कार्ड गुदमरतं. घरी खिडकीला चिकटून ठेवू नका, पावसाची झड आत येते आणि समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा गंज धरवते. आणि चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर पीसी आणायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण, त्याकडे दुर्लक्ष करू नका प्लीज.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात जायचं तर ग्रँट रोड स्टेशन, ईस्टला उतरा, स्लो लोकल पकडा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. किमान तीन दुकानांतून तीच लिस्ट, पूर्ण मॉडेल नंबरसह, जीएसटी धरून लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के आहे, काही जण भाव त्याशिवायचा सांगतात आणि बिल नको असेल तर कमी करतो म्हणतात. बिल घ्याच, वॉरंटीला तेच लागतं, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी ऑन करा नाहीतर रॅम कमी स्पीडवरच चालत राहते, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ करा, भावाने तर पंधरा दिवस ६० वरच गेम खेळला होता. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात अक्षरं उडतात, आणि खोके माळ्यावर टाकून ठेवा.