नाशिकहून परदेशी फी पाठवायची आहे? आधी विचारा, खात्यातून एकूण किती जाणार

परदेशी पैसे पाठवताना उशीर झाला, तर तो बहुतेक वेळा पैसे बँकेतून निघण्याआधीच झालेला असतो. बँकेने रक्कम एकदा सोडली, की स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याने, ती साधारण एक-दोन कामाच्या दिवसांत पोचते, कधी त्याच दिवशी. वेळ जातो तो अपुऱ्या कागदांत, चुकलेल्या नावात आणि ‘साहेब मुंबईला मेल टाकलाय’ यात. म्हणून फीची शेवटची तारीख कळली, की तिच्या आधी किमान आठ कामाचे दिवस हाताशी ठेवून कामाला लागा.

पहिली गोष्ट, तुमची बँक हे काम करते का ते बघा. परदेशी पैसे पाठवण्याचा परवाना रिझर्व्ह बँक देते आणि तो असणाऱ्याला ऑथराइज्ड डीलर म्हणतात. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या अनेक घरांचा सगळा व्यवहार सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतो. पतसंस्थेला हा परवाना नसतो, बहुतेक सहकारी बँकांनाही नसतो. मोठ्या बँकेच्या छोट्या शाखेत खातं असेल, तर तिथे फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाचं, डेस्क आहे का ते विचारा. नसेल तर तुमचा फॉर्म शहरातल्या दुसऱ्या शाखेत किंवा मुंबईच्या केंद्रीय विभागात जातो आणि प्रत्येक शंकेला एक दिवस जातो. तेव्हा शरणपूर रोड किंवा कॉलेज रोडच्या, रोज विद्यार्थ्यांची कामं करणाऱ्या शाखेत थेट जाणं बरं. परवानाधारक फॉरेक्स कंपन्याही फी आणि राहण्याचा खर्च पाठवतात, त्यांचा दर अनेकदा बँकेपेक्षा चांगला मिळतो. कंपनीचं नाव मात्र रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटवर भागवू नका.

खातं घाईघाईने नवीन उघडायचं असेल तर एक अडचण ध्यानात घ्या. खातं वर्षभर जुनं नसेल, तर बँक आधीच्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट किंवा प्राप्तिकराचं विवरणपत्र मागते. द्राक्षाचे पैसे रोखीने आले आणि तसेच भरले असतील, तर ते कुठून आले हेही विचारलं जातं. व्यापाऱ्याकडून पैसे चेकने किंवा खात्यावर घेतले आणि विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवल्या असतील, तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

दर विचारायचा तो असा

‘डॉलरचा भाव काय?’ असं विचारलं की एक आकडा मिळतो आणि त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘समोरच्या खात्यात पूर्ण 11,904 युरो पोचायला हवेत. माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जातील?’ हा आकडा उगाच घेतलेला नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) 1 सप्टेंबर 2024 पासून वर्षाला एवढी रक्कम दाखवावी लागते, महिन्याला 992 युरोप्रमाणे. या रकमेवर दरात एका रुपयाचा फरक म्हणजे 11,904 रुपये. दोन रुपयांचा फरक म्हणजे 23,808. आणि बँक ‘चार्जेस फक्त 500’ असं सांगत असते तेव्हा खरा खर्च याच दरात दडलेला असतो. मोबाइलवर दिसणारा बाजारभाव कुणालाच मिळत नाही, पण त्याच्यापुढे किती पैसे लावलेत हे ताडायला तो उपयोगी पडतो. निदान तीन ठिकाणांहून, एकाच दिवशी, एकाच तासात, लेखी कोटेशन घ्या. शाखेचा छापील कार्ड रेट हा शेवटचा शब्द नसतो. मोठी रक्कम असेल तर ‘डील रेट मिळेल का’ असं विचारायला अजिबात संकोचू नका, शाखेतले लोक ट्रेझरीशी, म्हणजे बँकेच्या दर ठरवणाऱ्या विभागाशी, बोलून दर कमी करून देतात.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, तो सगळीकडे सारखाच. पाच लाखांवर 540 रुपये, दहा लाखांवर 990, आणि रक्कम कितीही मोठी असली तरी 10,800 च्या वर नाही. कुणी याहून जास्त सांगत असेल तर हिशेब मागा.

मग येतो मधल्या बँकांचा खर्च. स्विफ्टने पैसे जाताना वाटेत एक-दोन परदेशी बँका असतात, त्या आपला आकार कापून घेतात. फॉर्मवर यासाठी तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘शेअर’ म्हणजे इकडचा तुमचा आणि पुढचा घेणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. विद्यापीठाच्या फीसाठी आणि ब्लॉक्ड अकाउंटसाठी ‘अवर’च घ्या. ‘शेअर’ लिहिलं आणि वाटेत 20 युरो कापले गेले, तर समोर 11,884 पोचतात, आणि ते व्हिसाला कमी पडतात. राहिलेले 20 युरो पाठवायला पुन्हा सगळा खर्च. फॉर्म भरणारा क्लार्क सवयीने ‘शेअर’वर टिक करतो, म्हणून सही करण्याआधी तो रकाना बोट ठेवून वाचा.

टीसीएस आणि पर्पज कोड

एका व्यक्तीला, म्हणजे एका पॅनवर, आर्थिक वर्षात सगळ्या बँका मिळून 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. ही लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम. वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर, नाही. त्यापुढच्या रकमेवर, शिक्षणासाठी आणि वैद्यकीय उपचारासाठी, 1 एप्रिल 2026 पासून 2 टक्के (आधी 5 होता), आणि इतर बहुतेक कारणांसाठी 20 टक्के. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर टीसीएस लागत नाही.

समजा तुम्ही स्वतःच्या बचतीतून 14 लाख पाठवताय. वरच्या चार लाखांवर शिक्षण म्हणून 8,000 रुपये कापले जातील. तेच पैसे नातेवाइकाचा निर्वाह किंवा भेट म्हणून नोंदले गेले तर 80,000. फरक फक्त पैसे पाठवण्याच्या फॉर्म ए-2 वरच्या पर्पज कोडचा, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत ते सांगणाऱ्या कोडचा. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाची फी, हॉस्टेल आणि रोजचा खर्च, या सगळ्याला एस0305 हा कोड आहे. मुलाच्या खात्यावर दरमहा खर्चाला पैसे पाठवताना नेटबँकिंगच्या यादीत ‘फॅमिली मेंटेनन्स’ आधी दिसतं आणि पालक तेच निवडतात. घोळ इथे होतो. रोजचा खर्चही शिक्षणातच मोडतो, हे प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

टीसीएस बुडत नाही. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. शेतीचंच उत्पन्न आहे म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्यांनी हा परतावा सोडू नये, त्यासाठी विवरणपत्र भरावं. दहा लाखांची सूट पॅनमागे असल्यामुळे आई आणि वडील दोघंही पाठवू शकतात, मात्र प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून. काकांच्या खात्यातून तुमच्या नावावर, असं चालत नाही. आणि मुलगा शिकायला परदेशी गेला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तो अनिवासी ठरतो, तेव्हा त्याचं नाशिकमधलं साधं बचत खातं या योजनेत वापरता येत नाही. पैसे तुमच्याच नावाने पाठवा.

नाव आणि नंबर

आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. परदेशातलं खातं त्याच पूर्ण नावाने उघडलेलं असतं. वडील फॉर्मवर फक्त नाव आणि आडनाव लिहितात, समोरची बँक जुळवणी करते आणि रक्कम थांबते. मुलाकडून बँकेच्या ॲपमधल्या खाते-तपशिलाची पीडीएफ मागवा आणि अक्षर न् अक्षर तसंच उतरवा.

देशागणिक काय लागतं ते वेगळं असतं. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 22 अक्षरांचा, सुरुवात डीई. ब्रिटनचाही 22 चा, सुरुवात जीबी. अमेरिकेत आयबॅन नसतो, तिथे नऊ आकडी राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक. ऑस्ट्रेलियात बँक आणि शाखा ओळखणारा सहा आकडी बीएसबी. कॅनडात पाच आकडी ट्रान्झिट नंबर आणि तीन आकडी इन्स्टिट्यूशन नंबर. स्विफ्ट कोड सगळीकडे 8 किंवा 11 अक्षरांचा. शून्य आणि ओ यांची गल्लत हाताने लिहिताना होते, म्हणून टाइप करून द्या. विद्यापीठाने दिलेला स्टुडंट आयडी किंवा रेफरन्स नंबर रेफरन्सच्या रकान्यात हवाच. तो नसेल तर पैसे विद्यापीठाच्या खात्यात पडतात, पण कुणाचे ते त्यांना कळत नाही.

सोबत पॅन, पासपोर्टची प्रत, ऑफर लेटर आणि फीची मागणी करणारं इन्व्हॉइस लागतं. पॅन आधारशी जोडलेला आहे ना, ते घरूनच तपासा. कागद सकाळी अकराच्या आत द्या. आंतरबँक परकीय चलन बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, आणि शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी दिलेला फॉर्म म्हणजे सोमवारचं काम.

अनेक विद्यापीठं फ्लायवायर किंवा कन्व्हेरासारख्या पोर्टलवरून फी घेतात. तिथे रुपयांतला पक्का आकडा मिळतो, रेफरन्सची चूक होत नाही, आणि मागोवा दिसतो. दर मात्र तिथेही वरचाच प्रश्न विचारून ताडून घ्या. सिंगापूरला छोटी रक्कम पाठवायची तर यूपीआय आणि तिथली पेनाउ ही तशीच सेवा यांची जोडणी फेब्रुवारी 2023 पासून चालू आहे. सहभागी बँकेच्या ॲपमधून दिवसाला 60,000 रुपयांपर्यंत, काही मिनिटांत. क्रेडिट कार्डाने मोठी फी भरू नका, साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि वर जीएसटी जातो.

फसवणूक

‘आम्ही फी भरतो, तुम्हाला दहा टक्के सूट’ असं सांगणारा एजंट अनेकदा चोरीच्या कार्डाने फी भरतो. आठवड्याने कार्डमालक तक्रार करतो, विद्यापीठ पैसे परत करतं, आणि तुमच्या मुलाची फी थकलेली असते. तुम्ही एजंटला दिलेली रोख तर गेलेलीच. ‘इथे रोख द्या, तिथे मुलाच्या खात्यात येतील’ हा हवाला आहे. फेमाखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मुलाच्या खात्यात कुणाचा पैसा आला याच्या चौकशीला परक्या देशात त्यालाच तोंड द्यावं लागतं. फॉरेक्स ट्रेडिंगच्या ॲपवर पैसे पाठवायला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम नाही. रिझर्व्ह बँकेने अशा अनधिकृत ॲपची अलर्ट लिस्टच काढली आहे. विद्यापीठाच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला, तर त्या मेलमधला नंबर न वापरता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा.

पैसे गेले की बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागा आणि त्यावरचा यूईटीआर हा 36 अक्षरांचा क्रमांक बघा. कुठल्या बँकेत रक्कम थांबली आहे ते त्यावरून शोधता येतं. तिसऱ्या कामाच्या दिवशीही जमा नसेल, तर हा क्रमांक देऊन शाखेत लेखी ट्रेस रिक्वेस्ट द्या आणि पोच घ्या. नाव किंवा नंबर चुकला असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा संदेश पाठवायला सांगा, कारण रक्कम एकदा चुकीच्या खात्यात जमा झाली की ती त्या खातेदाराच्या संमतीशिवाय परत येणं अवघड. फसवणुकीचा संशय असेल तर बँकेत जाण्याआधी 1930 वर फोन लावा, आणि बँकेला पैसे परत बोलावण्याचा रिकॉल संदेश लगेच पाठवायला लावा.